ठराव क्रमांक चार

रावपुऱ्यात, होमिओपॅथीच्या दुकानावर,
अठरा पायऱ्या चढून आमची परिचारिका संघटना.
एक टेबल, अकरा खुर्च्या, एक पत्र्याची पेटी.
पेटीत शिक्का, पावतीबुकं
आणि सत्तावीस वर्षांची इतिवृत्तं,
त्यातली एकोणीस वर्षं माझ्या अक्षरात.
मी गुप्ते. बडोद्यात सगळ्यांची गुप्तेबेन.
मार्चअखेर रिटायर होईन.
पेटीची किल्ली कुणाला द्यायची
हे माझ्याआधी माझ्या गुडघ्यांनी विचारलं.

शर्मिला राठवा पहिल्यांदा आली
तेव्हा दाराजवळच्या खुर्चीत बसली,
केव्हाही उठून जाता येईल अशी.
छोटाउदेपूरकडची पोर, बालरोग वॉर्डात तीन वर्षं.
दोऱ्याएवढ्या शिरेत
पहिल्या टोच्यात सलाईन लावते,
पण अधीक्षकांसमोर तिचा आवाज
चादरीसारखा घडी होऊन बसायचा.

मी तिला भाषण करायला शिकवलं नाही.
म्हटलं, आधी गणपूर्ती मोज.
म्हटलं, कोण बोललं नाही ते बघ,
बोलणाऱ्या काय, ऐकू येतातच.
अर्जात ‘नम्र विनंती’ एकदाच.
दोनदा आली की साहेबाला कळतं,
हिला नाही म्हटलं तरी चालेल.
आकडे दे. एक नर्स, बावन्न खाटा,
रात्री आठ ते सकाळी आठ.
आकड्याला रडू फुटत नाही, म्हणून तो फायलीत टिकतो.
आणि उत्तर मिळेपर्यंत खुर्ची सोडू नकोस.
खुर्ची दिलीच नाही, तर उभी राहा.
उभं राहायची आपल्याला सवय आहे.

मला हे कुणी शिकवलं?
एलिकुट्टी सिस्टरनं. कोट्टयमहून आलेली,
मराठी माझ्याहून स्वच्छ, शिव्यांसकट.
विश्वामित्रीचं पाणी वॉर्डात शिरलं त्या रात्री
तिनं आम्हा शिकाऊ मुलींची साखळी केली,
पेशंट हातोहात जिन्यावर,
आणि स्वतः साखळीच्या शेवटी गेली,
पाण्याच्या बाजूला.
हे मी कुठल्याच वहीत लिहिलं नाही.
इतिवृत्तात असलं लिहीत नाहीत,
असं मला वाटायचं.

परवाच्या सभेत वही शर्मिलाकडे दिली.
संध्याकाळी तपासायला घेतली, लाल पेन उघडून.
अक्षर गोल, समास नीट.
पहिला ठराव, वर्गणी. दुसरा, गणवेश भत्ता.
तिसरा पुढच्या सभेवर ढकललेला.
चौथा: रात्रपाळीला जोडून सकाळची ड्यूटी लावू नये.
त्याच्याखाली तिनं लिहिलं होतं:

या ठरावाच्या वेळी ज्योत्स्नाबेन परमार
खुर्चीत झोपल्या होत्या.
सलग दुसरी पाळी करून आल्या होत्या.
त्यांना कुणी उठवलं नाही.
उपस्थितांनी हात वर केले, टाळ्या वाजवल्या नाहीत.
ठराव आवाज न करता मंजूर.

लाल पेन हातात तसंच.
खाली दुकानदार शटर ओढत होता.
एकोणीस वर्षांत असली किती वाक्यं
मी माझ्याच हातानं गाळली असतील!
‘काढू का?’ तिनं विचारलं,
पण या वेळी आवाजाची घडी मोडलेली होती.
काढायचं नाही, हे तिचं ठरलेलं होतं.
मला कळायला ती थोडा वेळ देत होती, इतकंच.

मी पेनाला टोपण लावलं.
म्हटलं, परमारबेनची हजेरी लावलीस ना?
आपल्यात सगळ्यांत जास्त हजर तीच होती.

मग कोपऱ्यावर सेव-उसळ खायला निघालो.
किल्ली अजून माझ्याच पर्समध्ये,
रुमालाच्या गाठीत.
जिन्यातला दिवा गेला होता.
माझे गुडघे एकेक पायरी मोजत उतरले,
आणि शर्मिला एक पायरी खाली,
तिरकी, भिंतीला खांदा लावून,
बोलत राहिली तिसऱ्या ठरावाबद्दल,
पडण्याच्या बाजूला.